कुंकू लावलेली अंडी

धाड, ३ फेब्रुवारी १९७४
सून मंजुळा पाच महिन्यांची गरोदर. दम्यासाठी बुलढाण्याच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्यात. मासिकात वाचलं, या गोळ्यांतलं हार्मोन दिलं की उंदराच्या पिल्लांत हृदय-आतडी आपोआप चालवणाऱ्या नर्व्ह सेल्सची वाढ बदलते. चांगली की वाईट, ते लिहिलेलं नाही. माझ्या नातवाचं हृदय! मीच शोधणार. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लेअर मायक्रोस्कोपपाशी माझी वेणी मागे धरून उभ्या राहायच्या. "आधी बघ, मग बोल."

४ फेब्रुवारी
शेजारच्या बेबीताईंची खुडूक कोंबडी अंड्यांसकट आणली. निम्म्या अंड्यांत सुईने गोळीचं पाणी, निम्म्यांत साधं. भोकं मेणाने बुजवली. औषधाच्या अंड्यांना कुंकू लावलं. पक्कं काम. बेबीताई म्हणाल्या, "अंड्याले सुई काऊन टोचता बाई? त्याले का ताप आला?"

८ फेब्रुवारी
निकाल लागेपर्यंत गोळ्या माझ्या कपाटात. मंजुळाला सांगितलं, डॉक्टरांना विचारलंय. विचारणारच आहे. "हो, आई," म्हणाली. गुणी पोर.

१३ फेब्रुवारी
मंजुळा बसूनच झोपते. खळ्यावरच्या हरभऱ्याची धूळ. माझा मुलगा इंद्रभान म्हणाला, "आई, तिचे ओठ निळे पडून राह्यले." उजेडच तसा आहे, म्हटलं. उद्या डॉक्टरांना नक्की विचारायचं.

१४ फेब्रुवारी, दुपार
इंद्रभानने माझं कपाट उघडलं, गोळ्या घेतल्या, तिला जीपने बुलढाण्याला नेलं. मला म्हणाला, जीपमध्ये जागा नाही. मागची बाकं रिकामी होती.

१६ फेब्रुवारी
ती आता बरी आहे. डॉक्टर म्हणाले, आईचा श्वास कोंडला तर पोटातलं बाळ गुदमरतं. गोळी अशी एकदम तोडणं त्याहून वाईट. इंद्रभान हे भिंतीकडे बघून सांगत होता. तसा प्रयोग चालू आहे.

२५ फेब्रुवारी
पिल्लं निघाली. कोंबडी अंडी उलथवत राहिली, त्यात कुंकू सगळ्याच टरफलांना लागलेलं. औषधाचं पिल्लू कोणतं, देव जाणे. नर्व्ह सेल्स बघायच्या तर कापावं लागेल. सुरी घेतली. एक पिल्लू माझ्या पदरात शिरून झोपलं. सुरीने कांदा चिरला.

३ मार्च
मंजुळा दवाखान्यातून परस्पर माहेरी गेली, अमडापूरला. बाळंतपण तिथेच. गोळ्या तिची आई स्वतःच्या हाताने देते. बाळ पोटात हललं म्हणे, चांगलं जोरात.
बेबीताईंनी सांगितलं. त्यांना बाजारात कळलं.