तुमची स्लाइड

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. सावंगीच्या लॅबमध्ये आता तुमच्या खुर्चीवर मी बसते, आणि यकृताची बायोप्सी आली की मला ती दुपार आठवते. तेव्हा मी तुमच्या हाताखाली शिकत होते. तुम्ही सांगायचात, "कॅन्सरची पेशी यकृताच्या पेशीसारखी दिसते तवर ग्रेड एक. जितकी मूळ विसरली, तितकी ग्रेड वाढली. अन् एकाच तुकड्यात दोन्ही दिसले, तं जे वाईट त्याचीच ग्रेड धरजो." मग एक दिवस तुमचीच बायोप्सी आली. ती दुसऱ्या कुणाला न देता तुम्ही माझ्यापुढे ठेवलीत, आणि दोघांना एकदम पाहता येईल अशा त्या मायक्रोस्कोपवर समोर येऊन बसलात.

"सांग."

मी पाहते आहे. गुलाबी पेशी, जांभळी केंद्रकं, मधूनच पित्ताचे हिरवट ठिपके. बिघडल्या तरी यकृताचं काम अजून करताहेत बिचाऱ्या. मी तिथेच रेंगाळते. "ग्रेड दोन, सर."

"टोकाकडं सरकव."

सरकवते. तिथे केंद्रकं अवाढव्य, वेडीवाकडी. हे यकृत आहे हेही ओळखू येत नाही.

"काऊन थांबली? ग्रेड काय लाडानं देतेत का? माह्या जागी दुसरा असता तं काय म्हटलं असतं?"

"तीन."

"हं. मले बी तीनच वाटून राह्यली." डोळे न उचलता तुम्ही कितीतरी वेळ पाहत राहिलात. मग म्हणालात, "स्टेनिंग मात्र झकास झालं, रंग कसा खुलला. घरी मी सांगतो. तू पहिले चष्मा पुस."

त्याच वर्षी, कापूस घरात यायच्या आत तुम्ही गेलात. रिपोर्टवर सही माझ्याकडूनच करवून घेतली होतीत, आणि माझ्या सहीशेजारी तुमची सही केली होतीत.

मागच्या आठवड्यात जाम गावाकडच्या एका बाईंची बायोप्सी आली. दोन की तीन, ठरेना. मला तीन वाटत होती, तरी नागपूरला दुसरं मत मागवलं. तिकडूनही तीनच आली. रिपोर्ट गेला, बाईंचे उपचार सुरू झाले, सगळं रीतसर झालं. पण खरं सांगू सर, मला मत नको होतं. तुम्ही हवे होतात. हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिता तरी आलं. समोर असतात तर एवढं बोलायची माझी हिंमत झाली नसती.