लाल फीत

४ जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

बदलीच्या गावी पोचले. खोली बरी आहे, जीव मात्र तुझ्याकडेच. भिंगरीला सहा महिने तुझ्या पदरात टाकलंय. शाळा सुटल्यावर पोरांना मैदानावर पळवायचं हे तुझं कामच. पण माझ्या लेकीला पळवू नकोस. गेल्या वर्षी धाप लागून तिचे ओठ निळे पडलेले मी पाहिलेत. सोबत लाल फीत पाठवतेय. रोज तिच्या मनगटाला बांध, म्हणजे तू नसलीस तरी ती खूण बघून दुसऱ्या बाई तिला बाकावर बसवतील. भित्री म्हण हवं तर.

भित्रेपणासकट लोभ असू दे.

तुझी ताई

२ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

फीत रोज बांधते. एकदा विसरले, तर अर्ध्या वाटेतून घरी पळत जाऊन आणली. पण ताई, खरं सांगते. दोन महिने बसून भिंगरीला आता जिना चढतानाही धाप लागते. घाबरून डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी मलाच झापलं, की दमा आटोक्यात आहे, औषधाचा पंप जवळ ठेवा आणि पोरीला हळूहळू पळू द्या. बाकीची पोरं पळतात तेव्हा बाकाखाली हिचे पाय हलत असतात. बघवत नाही. तरी तुझ्या होकाराशिवाय मी तिला उठवणार नाही. काही झालं तर तुला तोंड कसं दाखवू?

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

९ सप्टेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं. डॉक्टरांना सांगायला काय जातं! शनिवारी येते. तोवर फीत सोडू नकोस.

ताई

१७ सप्टेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

शनिवारचं अजून मनात घोळतंय, म्हणून लिहिते. बाकाखाली हलणारे तिचे पाय बघून मैदानावर मी हो म्हटलं खरं, पण गाठ सोडायला हात उठेना. भिंगरीनेच ती दातांनी सोडली, फीत माझ्या मनगटाला बांधली आणि आता आईने बाकावर बसायचं, असं बजावलं. तू शिट्टी वाजवलीस. दुसऱ्या फेरीत ती मध्येच वाकली, तेव्हा मी बाकावरून ताडकन उठले. तू पंप घेऊन धावलीस. कार्टी बुटाची नाडी बांधत होती!

निघताना म्हटलं तेच पुन्हा सांगते, तिला रोज पळू दे. पंप विसरू नकोस, फेरी संपली की ओठ बघ, आणि मला दोन ओळी टाक. काल पाच वाजता, तुझ्या शिट्टीच्या वेळी, कचेरीत मी भिंगरीचं ऐकून खुर्चीवरून उठलेच नाही. फीत अजून मनगटावर आहे.

दोघींनी या भित्रीला सांभाळून घ्या.

तुझी ताई