कापसामागचा ड्रम

माय,

बाबानं आज कापूस विकाले काढला. व्यापाऱ्याची गाडी दुपारी येऊन राह्यली. आमचा रॉक बँड कापसाच्या खोलीतच वाजवते, हे घरात फक्त तुले माहीत. कापूस आवाज गिळते म्हणून बाहेर काई आयकू येत नव्हतं. ड्रम अजून ढिगामागंच हाय. तो न्याले मी बँडमधल्या फहीमचा ऑटो आणाले चाललो. तोवर बाबाले जेवाले बसव, खोली उघडू देऊ नको. बीटी कापसावरही बोंडअळी आली तवापासून ते कोणासंगं धड बोलत नाहीत. त्यात मी कोचिंग बुडवतो, हे आज नको समजाले.

आत्ता पाह्यलं, तर ड्रमवर बाबाचा खांद्यावरचा दुपट्टा चारी बाजूनं खोचून झाकलेला हाय.

तूच झाकला ना?

हरिओम