इन्स्पेक्टरच्या सुनेचे डोहाळे

बोईसर, शुक्रवार, दुपारच्या जेवणानंतर

तीर्थस्वरूप गोजराआक्का,

धाकट्या भगवंताचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढा वाकून, उरलेला मनातून). तुझे गुडघे कसे आहेत? चिंचणीच्या खाऱ्या वाऱ्यात सकाळी ओट्यावर बसू नकोस, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तू बसतच असशील. तुझा मनीष गोळ्या वेळेवर आणून देतो ना? वाडीतल्या केळींना पाणी पुरतं ना? आमच्याकडे सगळं ठीक आहे. ठीक नसलेलं पुढे लिहितो.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला ते मध्येच कापता येत नाही. (फाडता येतं. पण जाड कागदाची चार पानं आहेत, मनगट दुखेल. त्यापेक्षा वाच.) भाग्येशच्या लग्नापासून तू आमच्या घरात पाऊल टाकलं नाहीस, त्याला पावणेदोन वर्षं झाली. त्याबद्दल या पत्रात एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवूनच मी बसलो आहे. भाच्यानं केरळची मुलगी केली म्हणून सख्ख्या भावाशी बोलणं टाकायचं का, वगैरे मी विचारणारच नाही. विचारलं नाही, याची नोंद घ्यावी.

तर बातमी अशी की सूनबाईला, म्हणजे श्रीजाला, सहावा महिना लागला आहे. (मनीषकडून तुला कळलंच असेल आणि तू कळलं नाही असं दाखवलं असशील.) आनंदाचीच गोष्ट, पण पोरगी काही खाईना. सकाळी दोन ग्लुकोजची बिस्किटं, दुपारी चमचाभर ताकभात, आणि विचारलं की अगदी शुद्ध मराठीत, ‘मला भूक नाही, बाबा.’ वजन वाढायचं सोडून उतरलं. डॉक्टरीणबाई रागावल्या, त्याही मला. मी तर नुसती रिक्षा थांबवून दारात उभा होतो. पंधरा दिवसांत वजन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, म्हणाल्या. मला त्या दिवशी खरोखर भीती वाटली, आक्का. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण श्रीजाची आई लग्नाआधीच गेली आणि वडील मुलाकडे मस्कतला. माहेराला कुलूप. मग आमच्या मंडळींनी फर्मान काढलं, की पोरीचे डोहाळे पुरवले जात नाहीत म्हणून हे होतंय, आणि ज्यानं चौतीस वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये खरेदी केली त्यानं एवढी एक खरेदी करून दाखवावी.

आता खरेदी हा माझा प्रांत. तारापूरला असताना मी साधा झाडूसुद्धा स्पेसिफिकेशन लिहिल्याशिवाय आणि तीन ठिकाणचे नमुने पाहिल्याशिवाय घेतला नाही. (एकदा नमुने बघण्यात इतका वेळ गेला की झाडू येईपर्यंत ते खातंच बंद झालं. पण फाईल निर्दोष होती.) मी श्रीजासमोर वही घेऊन बसलो आणि विचारलं, डोहाळे सांग. ती ओशाळली, नाही नाही म्हणाली, पण मी पेन उघडून बसल्यावर शेवटी म्हणाली की कप्पा मिळाला तर आवडेल. कप्पा म्हणजे त्यांच्याकडचा कंद. उकडतात आणि माशाच्या कालवणाबरोबर खातात. मी लिहून घेतलं: वस्तू, कंद. बाहेरून तपकिरी, आतून पांढरा. इंग्रजी नाव टॅपिओका. उपयोग, पोटात जाणे. तिची सहीही घेतली.

पहिल्यांदा गेलो ते नव्या इंटरनॅशनल फूड मार्टमध्ये. बोईसरला असं दुकान उघडलंय हे तुला चिंचणीत बसून खरं वाटणार नाही. काचेचं दार आपोआप उघडतं, आत थंडी इतकी की दूध विरजणार नाही. कोरियाच्या शेवया, इटलीचं तेल, मेक्सिकोची मिरची, आणि ‘एथनिक’ नावाच्या खास मांडणीवर काचेच्या बरणीत, रिबीन बांधून, मोहाची फुलं. तीच फुलं जव्हारच्या बाजूची पारू बाहेर फुटपाथवर पळसाच्या पानावर घेऊन बसते, आणि तिला तिथून उठवायला मार्टचा वॉचमन दिवसातून दोनदा येतो. मी कंदाची चौकशी केली. टोपी घातलेली दीपिका नावाची मुलगी अतिशय आदरानं मला शेवटच्या रांगेत घेऊन गेली आणि थायलंडहून आलेलं एक देखणं पाकीट हातात दिलं. त्यावर टॅपिओका असं स्वच्छ लिहिलेलं होतं, पुढे पर्ल्स. मी विचार केला, थायलंडच्या लोकांनी सोलून, गोल कापून पाठवला असेल, प्रगत देश आहे. भिंगातून तारीख तपासली आणि छाती पुढे काढून घरी आलो.

मंडळींनी पाकीट फोडलं, तळहातावर चार दाणे घेतले आणि माझ्याकडे बघितलं. ‘आवो, ह्यो साबुदाना हाय!’ मी म्हटलं, थायलंडचा आहे. ‘मंग थायलंडचा साबुदाना हाय!’ आक्का, साबुदाणा त्याच कंदापासून करतात, हे मला त्या दिवशी कळलं. जन्मभर एकादशीला मी जे खाल्लं ते काय आहे हे मी कधी विचारलं नाही, आणि स्पेसिफिकेशन मात्र झाडूचं मागत राहिलो. घरात खिचडी झाली. श्रीजानं माझा मान राखायला दोन घास खाल्ले आणि नंतर मोरीत जाऊन आली. भाग्येश माझ्याशी तीन दिवस फक्त मानेनं बोलत होता.

मग मी ठरवलं, थेट मूळ पुरवठादार गाठायचे. एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यामागे एक गल्ली आहे, तिथे कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांनी आपापल्या गावची दुकानं थाटली आहेत. तीन केरळवाल्यांची, एक बिहारी सत्तूवाला, एक बंगाली, मोहरीचं तेल आणि मुढी (म्हणजे कुरमुरे) विकणारा. सगळी आपली एकखणी, दारात पोती, आणि प्रत्येकाच्या उंबऱ्यावर वेगळा वास. मी क्लिपबोर्ड घेतला, खिशाला दोन पेनं लावली, चष्म्याची दोरी गळ्यात घातली आणि कार्यपद्धतीप्रमाणे सुरुवात केली. प्रत्येक दुकानात डबे उघडायला लावले, भिंगातून तारखा वाचल्या, केळ्याच्या वेफरचा, हळदीचा, खोबरेल तेलाचा नमुना घेतला, छोट्या पिशवीत भरून चिठ्ठी लावली आणि मालकाची सही घेतली. (कंद नव्हता. पण ज्याच्या हळदीत खोट त्याच्या कंदातही खोट असणार, हा माझा अनुभव.) आणि काय सांगू तुला त्या लोकांची माणुसकी! पहिल्या केरळवाल्यानं, मॅथ्यूनं, खुर्ची पुसून दिली. बिहारी म्हणाला, ‘साहब, हमारे यहाँ सब साफ-सुथरा है, आप पहले बैठिए तो.’ बंगाल्यानं रसगुल्ला खायला लावला. नमुन्याचे पैसे कुणी घेईना. मी वहीत सर्वांपुढे लिहिलं, वागणूक: उत्तम. कप्पा मात्र सगळे म्हणाले आज नाही, जरी मॅथ्यूच्या दुकानात गोणपाटाखालून एक तपकिरी शेंडा मला स्पष्ट दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी वळलो आणि शटरं पडायला लागली. एक, दोन, तीन. सत्तूवाल्यानं तर दोन गिऱ्हाइकं आतच कोंडली. मला वाटलं, कुणी मोठा पुढारी गेला असणार. अदबीनं टोपी काढली, दोन मिनिटं उभा राहिलो आणि घरी येऊन टीव्हीवर बातमी शोधत बसलो. कुणी गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. डॉक्टरीणबाईंचे पंधरा दिवस भरत आले होते, श्रीजाच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या, आणि मी हात हलवत परत येत होतो.

शेवटी हे सगळं जेवताना सांगितलं, तेव्हा श्रीजा म्हणाली, ‘बाबा, मी येऊ का बरोबर?’ मी म्हटलं, अशा अवस्थेत, उन्हात, त्या गल्लीत? ती म्हणाली, मी पहिल्या दिवशीपण विचारलं होतं. (विचारलं होतं. मी तेव्हा स्पेसिफिकेशन लिहीत होतो.) मग गेलो रिक्षानं. मला बघताच मॅथ्यूचं शटर निम्म्यावर आलं. श्रीजा पुढे झाली आणि त्या निम्म्या शटरखाली वाकून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. एवढंच. शटर वर गेलं आणि आतून मॅथ्यूची बायको ओमना हात पुसत धावत आली. त्यानंतर दोघी जे बोलायला लागल्या ते सव्वा तास. मी बाहेर पायरीवर. मला एक शब्द कळत नव्हता, पण मध्येच ‘फूड इन्स्पेक्टर’ ऐकू आलं, सगळे माझ्याकडे बघून हसले, आणि मला एकदम तो रसगुल्ला आठवून घाम फुटला.

आत वळून पाहिलं तर श्रीजा लाल तांदळाच्या पोत्यावर मांडी घालून बसली होती आणि जेवत होती. ओमनानं दुकानामागच्या खोलीत आपल्या पोरांसाठी केलेलं होतं ते, पेज, सुक्या माशाची चटणी, लोणचं. कप्पा नव्हताच त्यात. पोरीनं दोन वाडगे संपवले, तिसरा मागून घेतला, आणि एवढं मोठ्यानं हसली की मी चमकलो. आक्का, आमच्या घरात ती एकदाही अशी हसली नव्हती. आमच्याशी आमच्या भाषेत बोलायची, तिच्या कंपनीत हिंदीत, डॉक्टरीणबाईंशी इंग्रजीत, आणि तिच्या भाषेत तिच्याशी बोलायला आईच्या मागे जवळ कुणी उरलंच नव्हतं. पावणेदोन वर्षांत आपण तिला पाण्याला काय म्हणतेस एवढंसुद्धा विचारलं नाही. मला माझी फार लाज वाटली. मी क्लिपबोर्ड मॅथ्यूला देऊन टाकला. तो त्यावर आता उधार देणार नाही अशी पाटी लावून बसतो.

आता ती एक दिवसाआड जाते, ओमनाला चेची म्हणते (म्हणजे ताई), आणि येताना आमच्यासाठी काहीबाही बांधून आणते. परवा वजन केलं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. असो. पत्र उगाच लांबलं, काम असं काही नव्हतं. गुडघ्याला तेल लाव. मनीषला आशीर्वाद.

तुझा धाकटा,
भगवंत

ता. क. मी इन्स्पेक्टर नाही हे गल्लीत पसरल्यापासून माझा चहा बंद झाला आहे. बंगाल्यानं रसगुल्ल्याच्या पैशांची आठवणसुद्धा करून दिली.

ता. ता. क. काम नव्हतं असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी श्रीजाचं डोहाळजेवण करतोय. माहेरची म्हणून ओटी भरायला ओमना येणार आहे, दुकान बंद ठेवून. तिनं विचारलं, सासरकडून वडीलधारं कोण भरणार? माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. तुला विचारायचं राहिलं.

आणखी एक. आज सकाळी चहा घेताना श्रीजानं विचारलं, ‘आत्या आल्या तर त्यांना मी काय म्हणायचं? आत्या, की तुमच्यासारखं आक्का? चुकलं तर त्या परत जातील.’ मी म्हटलं, विचारून सांगतो. तू ये आणि तिला सांग.