गिधाडांच्या ताटाची हद्द

१४ जानेवारी

समितीवर घेतलंय मला! गिधाडांच्या. भोरकड्याला जैवविविधता वारसा स्थळ करायचं, आणि त्याची हद्द आम्ही पाच जणांनी ठरवायची. चार जाणकार. पाचवा मी — पेपरात तिरकं लिहितो म्हणून. बाहेर भुंकण्यापेक्षा आत बसलेला बरा, असा हिशोब असणार.

हातावर तिळगूळ ठेवत उत्तरा म्हणाली, "आपला प्लॉट तेवढा रेषेत येऊ देऊ नकोस." कड्याच्या पायथ्याशी दहा गुंठे आहेत आमचे. रेषेत गेले की बांधकाम बंद. बायकोचा बंगला बोलण्यात केव्हाच बांधून झालाय, फक्त जमिनीवर यायचा बाकी आहे.

२२ जानेवारी

पाहणी. कड्यावर गिधाडं — अंगात कोट, मान उघडी, सत्काराला बोलावल्यासारखी. आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. बरोबरच आहे. आमच्यातलं कोणी अजून मेलं नव्हतं.

खाली ढोरटाकी. गावातलं मेलेलं जनावर पिढ्यान्‌पिढ्या इथेच आणून टाकतात, आणि त्यावर ही मंडळी जगतात. अध्यक्षांनी रुमाल काढला. नकाशेवाला गौरांग ड्रोन उडवत म्हणाला, "सर, हा पॅच फोटोत फार घाण दिसतो."

गावचा बुधा वाट दाखवायला होता. मला म्हणाला, "साहेब, तुमचा प्लॉट त्या बांधापल्याड ना? लय भारी! घरात बसून वास."

५ फेब्रुवारी

बैठक. चहा, चिवडा, ढोरटाकी. शेजारच्या खाणवाल्याचा ढोरटाकीच्या जागेवर डोळा आहे, हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून कोणी तो विषय काढला नाही. अध्यक्ष म्हणाले, "वारसा म्हटल्यावर लोक बायकापोरांना घेऊन येणार. तिथे सडकी म्हैस?"

मला राहवेना. म्हणालो, "खरंय! ढोरटाकी वगळाच. गिधाडांना उपासाची सवय लावू. गेटवर साबुदाणा वडा ठेवू."

हशा अपेक्षित होता. अध्यक्ष गंभीर. "पहिला भाग व्यवहार्य वाटतो." गौरांगने माऊस हलवला. रेषा आत सरकली — ढोरटाकी बाहेर, तिच्यालगतचा आमचा प्लॉटही बाहेर.

मी चिवडा खाल्ला.

६ फेब्रुवारी

उत्तराने टाइल्स पसंत केल्या. मोरपंखी.

१९ फेब्रुवारी

इतिवृत्त आलं. ढोरटाकी वगळण्याचा सूचक — अस्मादिक! एवढी वर्षं लिहितोय. सरकारने माझं म्हणणं अमलात आणायची ही पहिलीच वेळ. साबुदाणा वडा मात्र गाळलाय.

११ मार्च

हरकतींची सुनावणी. माझीही होती. ढोरटाकी आत घ्या, नाहीतर कडा राहील आणि गिधाडं जातील — एवढंच. सरळ वाक्यं. लिहायला दोन दिवस लागले.

अध्यक्षांनी वाचली आणि खो-खो हसले. "सूचक तुम्ही, हरकतही तुमचीच! नवीन लेख वाटतं?"

म्हटलं, "नाही हो, खरंच."

आणखी मोठ्याने हसले. सगळेच हसले. मागच्या बाकावरचा बुधा सोडून.

२ मे

हद्द जाहीर. पेपरात फोटो — कडा, निळं आभाळ. घाण कुठेच नाही. ढोरटाकीला खाणवाल्याचं तारेचं कुंपण पडलंय. उत्तरा खूश. "वास गेला ना पण!" नऊ तारखेला बंगल्याचं भूमिपूजन. गुरुजी ठरले.

७ मे

बुधाचा फोन. "साहेब, म्हैस मेली. ढोरटाकीत घुसू देत नाय. पुरा म्हणत्यात. वर गिधाडं बसल्यात, बघत." मग म्हणाला, "तुमच्या प्लॉटवर टाकू का?"

म्हटलं, टाक.

परवा भूमिपूजन. उत्तराला अजून सांगितलेलं नाही.