सुईवालीला किती टीप द्यावी

४ फेब्रुवारी १९९६, रविवार
सांगलीच्या स्किन क्लिनिकमध्ये वरच्या ओठावरचे केस कायमचे काढायला सुरुवात. विजेची सुई, एका वेळी एक केस. साताऱ्यात कुणाला कळू नये म्हणून सांगली. एसटीने तीन तास. १० मार्चला वाईचे पाहुणे मला बघायला येणार आहेत. त्याचा याच्याशी संबंध नाही.
डॉक्टर फक्त मशीन चालू करतात. सुई तानुबाई धरतात. जतकडच्या, साठीच्या, हात अगदी स्थिर. आज डाव्या बाजूचे चाळीस झाले. माझ्या आधीच्या बाईने त्यांच्या हातात दहाची नोट सरकवली होती. सुईनंतर तिला बर्फ लावला चार मिनिटं. मला दीड.

५ फेब्रुवारी
कंपनीतल्या पल्लवीला विचारलं (एका मैत्रिणीसाठी म्हणून). पुण्यात टीप देतात म्हणे. किती, ते तिला माहीत नाही. मी क्वालिटी कंट्रोलला आहे, प्रमाण ठरवू शकते. फीच्या दहा टक्के. उघडी नोट बरी दिसत नाही. पाकीट हवं.

११ फेब्रुवारी
दुकानात पाकिटं फक्त आहेराची, गुलाब छापलेली. वीस रुपये, वर एक. तानुबाईंनी पाकीट कपाळाला लावलं. बर्फ सहा मिनिटं. डावी बाजू पूर्ण. पद्धत सिद्ध झाली.

१८ फेब्रुवारी
तानुबाईंनी परतीचा आहेर केला. घोंगडं, घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचं. माझं गाव, आईचं माहेर, सगळं विचारून घेतलं. बोलण्यात वेळ संपला. उजवी बाजू: शून्य.
कारण उघड आहे. घोंगड्यापुढे एकवीस रुपये कमी पडले. पुढच्या वेळी साडी.

२५ फेब्रुवारी
साडी दिली. त्या रडल्या. मला भाची म्हणाल्या. मी मान मागे टाकून तयार. त्यांनी सुई खाली ठेवली.
"घरच्या पोरीला सुई कशी टोचू गं? माजा हातच उचलंना."
मी १० तारखेचं सांगितलं. सांगायला नको होतं. डॉक्टर म्हणाले, सुई त्यांनी स्वतः कधी धरलेलीच नाही.

३ मार्च
आज मुद्दाम परक्यासारखी गेले. टीप नाही, हसणं नाही. तानुबाईंनी माझी फी स्वतः भरली आणि डब्यातली भाकरी खायला लावली. उजवी बाजू: शून्य.
घरी आरशात मोजलं. फरक दोन फुटांवरून दिसतो, आठ फुटांवरून नाही. आठ फूट अंतर ठेवता येईल.

९ मार्च
माझी खुर्ची अशी लावली की उजवी बाजू भिंतीकडे. पाहुण्यांपासून साडेआठ फूट. मान वळवायची नाही. आईने कारण विचारलं. उजेड, म्हटलं. तयारीत त्रुटी नाही.

१० मार्च, संध्याकाळ
मुलगा आणि त्याची आई आले. चार वाजून दहा मिनिटांपर्यंत सर्व ठीक.
मग तानुबाई आल्या. सांगलीहून, माझी मावशी म्हणून. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली नाही. त्या सरळ मुलाच्या आईशेजारी जाऊन बसल्या.
"पोरगी लय गुणाची हाय. डाव्या अंगाची मिशी म्या काढलीया, उजवीकडची तेवढी ऱ्हायलीया. मायेपायी हात चालंना बगा."
मुलाची आई उठली. साडेआठ फुटांचे सहा इंच झाले. माझी हनुवटी धरून तिने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. डावीकडचं काम सुबक आहे म्हणाली. क्लिनिकचा पत्ता लिहून घेतला, स्वतःसाठी. मग हळूच विचारलं, या बाईंना वेगळं काही द्यावं लागतं का.
मी म्हटलं, काहीही देऊ नका.
लग्नाबद्दल मात्र ती काही बोलली नाही.