वैनगंगेचा पूर

मार्कंडा, श्रावण १९५५

लाडक्या गुणवंता,

बाबा गेल्याची तार मिळाली तसा तू विमानात बसला. मुंबईहून नागपूरले तीन घंट्यात आला, पण वैनगंगेच्या पुरानं त्या काठावर दोन दिवस अडकला. इथी प्रेत किती ठेवायचं? मी म्हटलं, "आग मी देते."

मुखरूकाका म्हणाले, "बाईनं आग देऊ नये."

"मंग नदीले सांगा, माह्या भावाले येऊ दे म्हणून."



पूर ओसरल्यावर तू डोंग्यातून आला अन् विचारलं, "आग कोणं दिली?" तुह्यं रडणं पाहून मी गप राह्यली.

मी दिली, गुणवंता.

हे टपालात टाकत नाई. दिवाळीले तू येशीन तवा समोर बसवून सांगीन.

तुही बहीण,
मनकर्णा